जिन्यातली विहीर

ता. ४ जून

चि. छबूस अनेक आशीर्वाद.

देवाच्या कृपेने बरे आहोत. तुझी चित्रकथा फोनवर पोचली, फुकट. छापून घ्यायला मात्र महिन्याच्या दुधाइतके पैसे गेले. काय करणार, हे फोनकडे बघतच नाहीत. अंगठ्याने सरकवायच्या चित्रांसाठी कोणी नोकरी सोडतं का, म्हणतात. छपाईवाल्याने पानाचा आकार विचारला. मी म्हटलं, मुलीने अखंड काढलंय, कुठे कापू नका. त्याने फलकाच्या कापडावर सलग छापलं. देवाचं नाव घेऊन ते तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून जिन्याच्या पोकळीत सोडलं, तर थेट तळाच्या फरशीला टेकलं. हे अजून मान फिरवून जातात. पण दुधासाठी रोज जिना आहेच.

तुझी आई

ता. ९ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

ते आधी उतरव. ती कथा तळहाताएवढ्या पडद्यासाठी आहे गं. ऑफिसातली मुलगी खुर्चीवरून उठते आणि विहिरीत पडते, तिथे मी मुद्दाम कोरी जागा सोडलीय. फोनवर अंगठा फिरवला की ती संपते, तुझ्याकडे मजलाभर झाली असेल. साहेबांनी माझी जागा महिनाअखेरपर्यंत राखलीय. बाबांचा अबोला मला सोसत नाही, ते म्हणतील तर परत रुजू होते. काय म्हणाले ते कळव, गुळमुळीत लिहू नकोस.

तुझीच छबू

ता. १५ जून

चि. छबूस आशीर्वाद.

आता उतरवलं तर शेजारी मला उतरवतील. कोऱ्या जागेपाशी कोणी बोललं तर दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दटावतात.

यांनी पहिल्यांदा वाचलं ते दूध घेऊन चढताना, म्हणजे खालून वर. मुलगी विहिरीतून सुर्रकन वर आली आणि गुपचूप खुर्चीत बसली. पोरीला अक्कल आली म्हणून खुशीत दोनदा चहा घेतला. दुसऱ्या सकाळी उतरायला लागले, तर ती पुन्हा विहिरीत. दूध घेऊन वर आले, तसेच परत खाली गेले. दुखरा गुडघा विसरले, दूध नासलं. शेवटी कोऱ्या जागेपाशी पायरीवर बसले आणि मला बोलावून म्हणाले, इथे तिने काहीच काढलं नाही, तरी श्वास अडकतो. तिला म्हणावं, त्या खुर्चीत परत बसू नकोस.

पण तू मुलीला अधांतरी सोडलंस आणि आमचा जिना संपला. ती तळाला पोचेपर्यंत यांना चैन नाही. तरी पुढचा भाग किती लांब आहे ते उलट टपाली कळव, लोभ आहेच. हे पहार घेऊन खाली फरशीपाशी उभे आहेत.

तुझी आई