कड्यावरचे क्रूस

९ मे

चि. फेदोरास अनेक आशीर्वाद.

फोनवर मी नुसता हुंकार देतो अशी तुझी तक्रार, म्हणून हा कागद. यंदा नदीवरचा बर्फ एप्रिलातच फुटला. सीलचं तेल आणि वाळवलेला सामन मासा विमानाने पाठवतोय. ऑफिसात डबा उघडू नकोस, तुझे साहेब पळून जातील.

कडा आणखी ढासळला. स्मशानाच्या कुंपणापासून समुद्र आता एकोणीस पावलांवर आहे. आईचा क्रूस कलला होता, तो सरळ केला. शेजारी तुझी वहिनी, ओलिंका. जिवंत होती तेव्हाही माझ्यावर रुसली की ही बाई आईकडेच जाऊन बसायची. तुमचं ऑफिस गाव नदीच्या वरच्या टेकाडावर हलवतंय ते बरंच आहे. पण तुमच्या नकाशात शाळा आहे, पाण्याची टाकी आहे, आपली गेलेली माणसं कुठे आहेत? पुढच्या महिन्यात साहेबांना घेऊन सभेला येशील तेव्हा बघू.

माया आहेच, ती पत्रातून कळू दे.

तुझा दादा,
एव्हन


२४ जून, बेथेल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. विमानापर्यंत सोडायला आलास, पण हात न हलवताच मागे फिरलास. आराखडा मंजूर होऊन वर गेला. पहिल्या टप्प्यात चाळीस घरं, शाळा आणि टाकी. स्मशान आहे तिथेच राहील. कुणाची हरकत आहे का, असं साहेबांनी तीनदा विचारलं आणि कुणीच काही म्हणालं नाही. मी इतिवृत्तात तसंच लिहिलं आहे. स्मशानाचं पुढच्या टप्प्यात पाहू, असं ते म्हणतात.

मनाला लावून घेऊ नकोस. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घे. धाकट्या बहिणीवर लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
फेदोरा


३ जुलै

चि. फेदोरास आशीर्वाद.

गोळ्या घेतो. पण तू आपल्या गावात वाढलीस की बेथेलच्या दुकानातून आणली तुला? पाहुणा उभा राहून विचारतो आणि तीस माणसं जमिनीकडे बघत बसतात, याचा अर्थ मी तुला शिकवायचा? म्हाताऱ्या वासिलीने तर टोपी काढून मांडीवर ठेवली. याहून मोठ्याने नाही म्हणायची आपली रीत नाही. पाहुण्याला कुणी तोंडावर खोडून काढत नाही. तो दोन दिवस राहतो, घरोघरी चहा पितो, मग त्याचं त्यालाच उमजतं. तुझा साहेब तीनच्या विमानाने गेला.

आईला आणि ओलिंकाला वर काढायला मी रोज फावडं घेऊन कड्यावर जातो. बाकीचेही आपापल्या माणसांसाठी खणतायत. गुडघाभर खणलं की खाली जमीन गोठून लोखंड झालेली. ऊन लागून ती जरा सैल पडली की आणखी चार बोटं उतरतो. वासिली काठावर बसून माझ्या चुका काढतो. त्याच्या मते मी फावडं चमच्यासारखं धरतो.

काळजी घे.

दादा


२० ऑगस्ट, बेथेल

ती. दादास नमस्कार.

मला सगळं कळत होतं. वासिलीआजोबांची टोपीही मी पाहिली होती. तीस जूनच्या आत कागद वर गेला नसता तर आपलं गाव हलवायच्या गावांच्या यादीत तळाला गेलं असतं, आणि चाळीस घरांतल्या लेकरांनी आणखी किती हिवाळे त्या कड्यावर काढायचे? म्हणून मी हरकत नाही असं लिहिलं. आईला आणि वहिनीला माझ्या हाताने मागे ठेवलं.

लिहिताना तुझ्याकडे बघत होते. तू एक शब्द बोललास तर पेन खाली ठेवीन, असं मी स्वतःला सांगत होते. आणि तू बोलू नयेस म्हणून मनात देवाचा धावाही करत होते. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पत्र लिही.

फेदोरा


१४ ऑक्टोबर

चि. फेदोरास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, खणत होतो. सोमवारी वादळ आलं. पूर्वी या दिवसांत किनाऱ्याला बर्फ धरलेला असायचा, तो लाटा अडवायचा. यंदा नव्हताच. दुपारी कुंपण गेलं, आणि संध्याकाळपर्यंत सत्तावीस क्रूस गेले.

आईला मी तीन दिवस आधी वर काढलं होतं. आधी आईला काढा, असं ओलिंकाच म्हणाली असती. ओलिंकाच्या शवपेटीचं झाकण दिसायला लागलं होतं, पण खालून जमिनीने घट्ट धरलेली. अजून आठवडा लागला असता. मी खड्ड्यातून निघेना, तेव्हा वासिलीच्या मुलींनी कमरेला दोर बांधून मला ओढून काढलं. मग खड्डाच समुद्रात गेला. पेटी सापडली नाही.

आईला होडीतून टेकाडावर नेऊन पुरलं. तिथे अजून एकही घर नाही. ती एकटीच आहे.

सभेत मी गप्प का बसलो हे तू विचारलं नाहीस. रीत म्हणून गप्प बसले ते वासिलीसारखे. मी साहेबाला सुनावणार होतो, उठलोही होतो अर्धा. मग बघितलं तर पेन कागदावर टेकवून तू माझ्याकडेच बघत होतीस. साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली आपल्या गावची पहिली मुलगी तू. चारचौघांत तुझी मान खाली जाईल म्हणून मी पुन्हा बसलो. आपण दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं आणि ओलिंका गेली.

शिव्या देत नाही. किनारा गोठायच्या आत येऊन जा. मी रोज किनाऱ्यावर तिची पेटी शोधतो, पण मला आता लांबचं नीट दिसत नाही.

तुझा,
दादा