बटण दाबणारा माणूस

प्रिय धाकट्या जाऊबाई,

तुला भरभरून आशीर्वाद, भावजींना त्यांच्या पोटाच्या घेराला पुरतील इतके आशीर्वाद, आणि उरलेले सगळे मुलांना. (वाटून घ्या म्हणावं, भांडू नका.) इकडे आम्ही खुशाल आहोत. ह्यांचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना नाही. म्हणून ते सकाळी एकदा खाली वर्कशॉपात उतरतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून बायकांना सल्ले देतात. गुडघा उतरताना दुखायला हवा होता, असं कामावरच्या त्या सहाजणींचं मत आहे. तुझी कंबर कशी आहे? फोनवर विचारलं की तू "बरी आहे" म्हणतेस, तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी दार वाजवतं, आणि संपलं. म्हणून पत्र. पत्राला नुसतं "हं" म्हणून ठेवून देता येत नाही.

तर गेल्या महिन्यात काय झालं ते ऐक. फरशी धुण्याची यंत्रं बनवणारी ती मोठी कंपनी आहे ना आपली, तिच्याकडून चारशे गोल ब्रशांची ऑर्डर आली. चारशे! आपण दोघींनी सुरुवात केली तेव्हा बारा ब्रशांची ऑर्डर आली म्हणून तू स्टुलावरून पडली होतीस. कागद हातात घेतला आणि मी सवयीने वळून तुझ्या टेबलाकडे बघत म्हटलं, "अगं!" तिथे आता पॅकिंगचे खोके असतात. खोके काही बोलले नाहीत. (दोन वर्षांसाठी म्हणून गेलात तुम्ही. भावजींच्या नोकरीतली दोन वर्षं कुठल्या कॅलेंडरातली आहेत कोण जाणे, हे चौथं चाललंय.)

आनंद दुपारपर्यंत टिकला. नायलॉनवाला हल्ली रोख घेतल्याशिवाय एक केस सोडत नाही. कंपनी माल आज घेते आणि पैसे तीन महिन्यांनी देते. आधीच्या दोन ऑर्डरींची बिलं तिच्याकडेच अडकलेली. म्हणजे बघ, माझे पैसे त्यांच्याकडे, आणि त्यांच्याच कामासाठी मी दारोदार. जमणार नाही म्हणावं तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार, आणि एकदा गेली की गेली. मग आपल्या बायकांना काय सांगू? भोकं पाडायच्या मशीनवरची ती भांडखोर, जी तू गेल्यापासून कुणाशीच भांडत नाही (तिच्या तोडीचं कुणी उरलंच नाही), ती एकटी तीन माणसांचं घर चालवते.

बँकेत गेले. साहेबांनी विचारलं, तारण काय देता? मी ऑर्डरचा कागद पुढे केला. त्यांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला आणि म्हणाले, ह्याला भिंती नाहीत. त्यांना भिंती असलेलं काहीतरी हवं होतं. आता आपलं घर भाड्याचं, वर्कशॉप भाड्याचं. आपल्या मालकीची भिंत म्हणजे तू खोक्यांची रचायचीस ती. मी उठले.

जिन्यात मागून हाक आली. तिथली एक चष्मेवाली, नवीनच लागलेली, धावत आली होती. म्हणाली, "काकू, कर्ज कशाला मागताय? बिलं आहेत ना?" मग तिने पायरीवर बसून मला समजावलं. बिल एका साइटवर चढवायचं. कंपनीने तिथे एवढंच म्हणायचं की हो, माल मिळाला, पैसे देणं लागतो. मग निरनिराळ्या बँका ते बिल घ्यायला पुढे येतात, थोडं व्याज कापून आपल्याला लगेच पैसे देतात आणि तीन महिन्यांनी कंपनीकडून वसूल करतात. भिंती तुमच्याकडे नसल्या तरी चालतील, म्हणाली, कंपनीकडे भरपूर आहेत. इतकं सोपं आजवर कुणी का सांगितलं नाही, असं मला वाटलं. नंतर कळलं का सांगितलं नाही ते.

कारण आधी नाव नोंदवायचं. धंदा कुठला ते यादीतून निवडायचं होतं, आणि यादीत ब्रश नव्हता. हे चष्मा न लावता शेजारी बसले होते. त्यांना कुठेतरी "केस" दिसलं, त्यांनी तिथे बोट टेकलं, आणि आपला कारखाना कागदोपत्री केशकर्तनालय झाला. ते दुरुस्त व्हायला चार दिवस गेले. तेवढ्यात मागे झुकणाऱ्या खुर्च्या विकणाऱ्या माणसाचे सहा फोन आले. (ह्यांनी एक पसंत करून ठेवली आहे, गुडघ्यासाठी.)

मग बिलं चढली. त्यांच्यापुढे "मंजुरीच्या प्रतीक्षेत" असं आलं, आणि अकरा दिवस तेच राहिलं. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी बघायचे. चष्मेवालीने चौकशी केली. म्हणाली, कंपनीतल्या कुणीतरी एक बटण दाबायचं आहे, ते कुणी दाबत नाहीये.

चांगली साडी नेसून कंपनीत गेले. दारावर माझ्या पदराला "पाहुणा" असं स्टिकर लावलं. खरेदीवाल्यांनी स्टोअरकडे पाठवलं, स्टोअरवाल्यांनी हिशेबाकडे, आणि हिशेबवाल्यांनी चौथ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीकडे खिडकी असलेल्या एका लहान खोलीत. आत एक सडपातळ, फार सभ्य गृहस्थ बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. (ह्या सगळ्या प्रकारात माझ्यासाठी उठलेला हा पहिला माणूस.)

"बटण माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "वर्ष झालं. अजून दाबलेलं नाही."

"बिघडलंय का?"

"नाही हो. पण एकदा दाबलं की परत घेता येत नाही."

मी चिडणार होते. तू असतीस तर चिडलीच असतीस आणि मी तुझा हात ओढला असता. आपली वाटणी तशीच होती ना. पण तू नव्हतीस, त्यामुळे दोन्ही कामं मलाच करावी लागली, आणि त्या गडबडीत मी नुसतीच बसून राहिले. तेव्हा तेच हळूच म्हणाले, "माझ्या आधीच्या माणसाने न आलेल्या मालाला आला म्हटलं होतं. मी इथे वर बसतो. माल खरंच आला हे मला कसं कळणार?"

मी म्हटलं, चला दाखवते.

खालच्या लांब व्हरांड्यात त्यांचंच एक यंत्र फरशी धूत चाललं होतं. चालवणाऱ्या बाईला थांबवलं आणि दोघींनी मिळून ते आडवं केलं. खाली आपला ब्रश! साहेब पँट भिजवत गुडघ्यांवर बसले. मी त्यांना दाखवलं: केस सरळ रांगांत भरले तर पाणी बाहेर उडतं, असे तिरके वळत भरले तर आत ओढलं जातं. आणि सांगताना मला ती दुपार दिसली, तू ताट उलटं टाकून त्याच्यावर खडूने रेघा काढत होतीस, पुसत होतीस, नाकाला खडू लागला होता, आणि मी म्हणत होते की पुरे आता, जेवायला चल.

त्यांनी त्या वळणावरून बोट फिरवलं. "हे कुणी काढलं?"

"माझ्या जावेनं."

"त्या असतात का तिथे?"

"येणार आहे," मी म्हटलं. असं का म्हटलं मला माहीत नाही. तोंडातून गेलं.

वर जाऊन त्यांनी बटण दाबलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं, बहुतेक छत पडेल असं. "मंजूर" एवढंच आलं. मग दुसरं बिल त्यांनी आपणहून मंजूर केलं.

तिसऱ्या दिवशी पैसे आले, नायलॉन आलं, आणि काल दुपारी चारशे ब्रश वेळेवर रवाना झाले. टेम्पो वळला तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत येऊन बसले आणि मला रडू आलं. तू असतीस तर "आता पुरे, उठा, पुढचे केस मोजा" असं ओरडली असतीस. कुणी ओरडलं नाही, त्यामुळे चांगली तासभर रडले. सगळे माझ्याशी फार नीट वागतात गं आता. कंटाळा आला मला त्याचा.

सगळ्यांना जप. कंबरेला शेक दे.

तुझी,
थोरली

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आपला व्यवहार नीट झाला म्हणून बँक आता पुढच्या सगळ्या बिलांसाठी कायमची सोय करून द्यायला तयार आहे. त्याला दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतात. म्हणजे तुला यावं लागणार. समोर बसून, शाईने सही करायची असते. निदान आठ दिवस तरी लागतील.

ता. क. २. हे मागून वाचत होते. म्हणतात, पत्रात खोटं लिहू नये. तर सही फोनवरूनही होते, एक आकडा येतो, तो सांगायचा, दोन मिनिटांचं काम. मी चष्मेवालीला सांगितलंय की तुझा फोन बिघडलाय. तिने फोन केला तर उचलू नकोस.

ता. क. ३. नको, उचल. पुढची ऑर्डर आलीय आणि बायका वाट बघताहेत. आकडा सांगून टाक. मग तुला इथे यायला काहीच कारण उरणार नाही, ते मला कळतं. तरी ये.