टेकडीवरच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या

अगं,

दवाखान्यात चाललोय. आपला धाकटा सोबत आहे, तेव्हा मागोमाग धावत येऊ नकोस. शिलाई मशीनवर डॉक्टरीणबाईंचा कोट आहे. न्यायला आल्या तर सांग, बटणं राहिलीत, मंगळवारी देतो.

टेकडीवरच्या घराचा दलाल फोन करील. त्याला इतक्यात हो म्हणू नकोस. तू म्हणशील, म्हातारपणासाठी जन्मभर जे घर मनात धरलं ते समोर आलं आणि हा माणूस ऐन वेळी कच खातोय. खातोय खरा. काल त्या पायऱ्या चढताना मी तीनदा थांबून तळ्याचं कौतुक केलं आणि तू हरखलीस. तळ्याकडे माझं लक्षच नव्हतं. छातीवर कुणी इस्त्री टेकवून ठेवल्यासारखं झालं होतं. आज सकाळी आपल्या जिन्यात पुन्हा तेच झालं, आणि इथे कौतुक करायला नुसती भिंत.

घाबरलोय गं. त्या घरात मला काही झालं, तर तू वरून हाका मारत राहशील आणि खाली रस्त्यावर कुणाला ऐकूही जाणार नाही, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

दलालाने दाखवलेल्या दुसऱ्या, तळमजल्याच्या घराच्या माहितीचा कागद तू परवा चुरगळून टाकलास, खिडकीतून समोरचा दवाखानाच तेवढा दिसतो म्हणून. तो मी केरातून काढला, इस्त्री केली आणि आरशामागे ठेवलाय.

मला तो देखावा चालेल.