आईची चार पावलं

दादा,

विमानतळावरून लिहितेय. तू ड्यूटीवरून येईपर्यंत माझं विमान सुटलेलं असेल. आईच्या गोळ्या फ्रिजवर आहेत.

आता वर्षभर परक्या देशातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरायचंय, की तुमच्या गावचा नाच अख्ख्या देशाचा कधी झाला. सराव म्हणून काल तेच प्रश्न आईला तिच्या गावच्या नाचाबद्दल विचारले. सगळं विसरलेली आई तासभर घडाघडा बोलली, उठून चार पावलं नाचलीसुद्धा. मी अशी गुंगले, की रेकॉर्डर सुरू करायचाच राहिला. डोंबलाची संशोधक!

आज पुन्हा विचारलं, तर नुसती भिंतीकडे बघत बसली. जुना रेकॉर्डर टेबलावर ठेवलाय. रोज विचारून बघ, पण आधी तो सुरू कर.

निघताना तिने मला विचारलं, "तुम्हाला आई आहे का हो?"

आहे म्हणाले आणि बॅग उचलली.