नकाब कुणी काढायचा

बाई,

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं नाही. ते आधीच सांगून टाकते. सोलापूरची माणसं भेटली की अजून तुमचं कौतुक करतात, धाडसी बाई, मुलींना पुढं आणणारी बाई. मी ऐकून घेते. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत जिकडंतिकडं सुधारणेची व्याख्यानं चालायची, आणि तुम्हाला आपल्या शाळेत एक सुधारलेली मुसलमान मुलगी हवी होती. वर्गात मुसलमान मुलगी मी एकटीच होते.

सातवीनंतर अब्बा मला घरीच बसवणार होते. ते चादरीच्या कारखान्यात मागावर कामाला. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर हायस्कुलात गेली नव्हती. मीच त्यांना म्हटलं, तोंड झाकून जाईन, पण जाऊ द्या. तो नकाब माझी अक्कल होती, बाई. त्याच्या जिवावर मी रोज कारखान्यांच्या रस्त्यानं ताठ चालत यायचे आणि शाळेच्या फाटकाच्या आत आले की तो डोक्यावर टाकायचे. तुम्ही बघत होता की! पण बक्षीस समारंभाला पाहुणे होते, फोटोवाला होता, म्हणून त्या दिवशी मी तोंड झाकूनच होते. मराठीत मी पहिली आलेली. स्टेजच्या पायऱ्या चढताना तुम्ही कानाशी म्हणता, "आज तोंडावरचं काढ." मी म्हणते, "नको, बाई." स्पष्ट म्हणते. "घाबरू नकोस गं," म्हणत तुम्ही हात घालता आणि ओढता. पिनेत केस अडकले होते, ते तुटले, कळ डोक्यात गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. हे आनंदाचे अश्रू आहेत, असं तुम्ही माईकवर सांगितलंत.

पेपरात आलेला तो फोटो कारखान्यात हातोहात फिरला. "पोरगी लई झ्याक दिसती की तुझी," कुणीतरी अब्बांना म्हणालं. घरी येऊन ते ओरडले नाहीत. "तेरे पे गुस्सा नै, बेटी. पन अब बस," एवढंच बोलले. मग तुम्ही घरी आलात. अम्मीनं चहा केला. मी चुलीपाशी उभी, तुमच्यापासून हाताच्या अंतरावर. तुम्ही अब्बांना सुनावत राहिलात, माझं शिक्षण, माझं स्वातंत्र्य, माझा चेहरा. तुझं काय म्हणणं आहे, असं माझ्याकडं वळून एकदाही विचारलं नाहीत. चहा तसाच ठेवून उठलात, आणि दारात चपला घालताना म्हणालात, "ह्या लोकांचं असंच." माझी मॅट्रिक राहिली ती राहिलीच.

लग्न करून इंग्लंडला आले. इथं शिवणाच्या कारखान्यातली सुपरवायझर, दवाखान्यात नावं लिहून घेणारी बाई, बसमधली कुणी अनोळखी म्हातारी, सगळ्या मला समजावायच्या, आता तू आमच्या देशात आहेस, मोकळी आहेस, काढ ते. त्यांच्या इंग्रजीत मला तुमचाच आवाज ऐकू यायचा. म्हणून नकाब ठेवला, वर्षानुवर्षं. त्यात अल्लाची भीती किती आणि तुमचा राग किती, माझं मलाच सांगता यायचं नाही.

पुढं मुलं मोठी झाली, कुणी काही म्हणेनासं झालं. एका साध्या सकाळी भाजीला निघताना मी तो खुंटीवरून घेतलाच नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "मफलर ले, ठंड है." बास, एवढंच झालं.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकलं तर पोचेल, कुणी तरी ते भाषणात वाचूनही दाखवील, आणि तुमच्या खात्यावर आणखी एक मुलगी जमा होईल. ते मी होऊ देणार नाही. पण इथं, तुम्हाला एकटीला सांगते. त्या सकाळी गार वारा गालांना लागत होता, आणि मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी आले.