मामांची कावीळ आणि आईची गाठ

७ ऑगस्ट
अंबाजोगाई. आईच्या पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, त्यात स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली. आज एमआरआयचा रिपोर्ट. अठरा मिमी. डॉक्टर म्हणाले, बहुतेक गाठी तशाच राहतात, काहींचा पुढे कॅन्सर होतो. कोणत्या, ते आधी नक्की सांगता येत नाही. म्हणून लक्ष ठेवायचं. पुढचा एमआरआय वर्षानं.
"घरात कुणाला कॅन्सर?" मी लगेच "नाही" म्हटलं.

८ ऑगस्ट
आई, भांडी घासता घासता: "गर्भपिशवीच्या वक्ताला म्हणले, कॅन्सर होईल, काढून टाका. काढली. आता खरीच गाठ हाय तर म्हणतेत, बघत बसा."
अण्णा: "तवाचा डॉक्टर येगळा होता."
"पोट तर माझंच होतं की."

१३ ऑगस्ट
मामा. आईचे थोरले भाऊ, घाटनांदूरचे. 'काविळीनं गेले' असंच आम्ही म्हणतो. पण ताप नव्हता, दुखत नव्हतं. अंग खाजायचं. आधी शुगर निघाली, मग वजन उतरलं. महिनाभर झाडपाल्याचं औषध. पोटाचा फोटो कुणी काढलाच नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही असंच होतं, असं आज वाचलं.
डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मामा आठवले नव्हते, असं नाही. कावीळ म्हणून सोडून दिले.

१९ ऑगस्ट
मामींना फोन. "कागद कुठले माय, समदे जाळले. कावून इचारतीस?" सहज, म्हटलं. खोटं बोलले.

२२ ऑगस्ट
एकटीच डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं. त्यांनी लिहिलं: भाऊ, कावीळ, कारण माहीत नाही. वर्षाचे सहा महिने केले. ऑपरेशन? "आत्ता नाही. स्वादुपिंडाचं ऑपरेशन मोठं असतं. गरज नसताना नुकसानच जास्त."
म्हणजे फेब्रुवारी. ऐन ऊसतोडीत.

२ नोव्हेंबर
आई-अण्णा उद्या कारखान्यावर निघणार. आज आईला मामांचं सांगितलं. ती गाठोडं बांधत होती.
"म्हंजी दादाला पण हेच होतं?"
"माहीत नाही."
"मग मला कशाला सांगितलंस?"
गाठोडं बांधून झालं. मग म्हणाली, "तारीख कागदावर लिहून दे."

१६ फेब्रुवारी
आई काल एकटीच एसटीनं आली. हाताला फोड, वजन तेवढंच. आज रिपोर्ट. अठरा मिमी.
स्टँडवर:
"मग गेली का?"
"नाही. आहे तेवढीच आहे."
"आन् पुढच्या खेपंला वाढली तर?"
"मग काढायचं बघतील."
"न्हाई वाढली तर?"
"परत तारीख."
"म्हंजी जल्मभर." मग जरा हसली. "सासूबाईवानी. बोलत न्हाई, पर घरात हाय."
दुपारच्या गाडीनं परत तोडीवर. चढताना म्हणाली, "काढा म्हणले आसते तर निवांत झाले आसते."
रिपोर्ट उघडताना मी अठराच मागत होते, मोठा आकडा नाही, असं खात्रीनं लिहिता येत नाही.