गिलासाखालचा एक ठिपका

सोमवार, १२ ऑगस्ट

रात्रभर डोळ्याले डोळा लागला नाही. वच्छलाकाकूले काल चौकीवर नेलं — माह्या तोंडापायी! समोरच घर आहे तिचं. दारातून कुलूप दिसते.

कोनाले सांगू? म्हनून वहीत लिवून राहिली.

झालं असं. नागपूरहून तृप्ती मॅडम सर्वेले आल्या. जंगलातले बंदूकवाले इकडं येतेत ना, दलमवाले, त्याईचा सर्वे. मी आठवी नापास, पन गावातल्या साऱ्या बायाईले वळखते. म्हनून मले संगं फिरवलं. खरा सवाल एकच — यंदा दलमवाल्याईले घरून जेवन देलं काय?

असं कोन सांगन बाप्पा! म्हनून लुडोचा फासा. मॅडम समजावून सांगे, "गिलासात हलवा, पालथा घाला, तुम्हीच बघा. एक निघाला तर काहीही असो, हो म्हणायचं. दुसरं काही निघालं तर खरं सांगायचं. हो तुमचा की फाशाचा, मलाही कळणार नाही."

काकूच्या डोळ्यात मोतीबिंदू. तिनं गिलास उचलला अन् माह्या कानाशी आली, "पाह्य वो पोरी, किती ठिपके?"

एकच होता. मी हळूच सांगतलं.

"हो!" काकू मॅडमले म्हनली. अन् हासली, डाव जितल्यावानी.

मंगळवार, १३ ऑगस्ट

बोरिंगवर आज साऱ्या बाया पानी भरून खालमानेनं निंगून गेल्या.

मागच्या आठवड्यात इथंच मी गोदावरीबाईले म्हनली होती, "वच्छलाकाकू हो म्हनली ना वो." ती केवढ्यानं हासली! "अवो, तिले सोताले पेज पुरत नाही, अन् दलमाले जेवू घालते! मोठी दानशूर निघाली म्हातारी!" साऱ्या हासल्या. मीबी हासली.

गावभर झालं. चौकीवरबी गेलं.

एक ठिपक्याचं मी सांगतलंच नाही. विसरली नोती.

गुरुवार, १५ ऑगस्ट

शाळेत झेंडा झाला. गोदावरीबाई जिलेबी घेऊन आली. म्हने, "तुनं सांगतलं म्हनून कळलं. नाही त आपन तिच्या चुलीपाशी चहा पेत बसलो असतो."

जिलेबी कुत्र्याले टाकली. माह्या तान्ह्या प्रतिक्षाले ताप नाही, काही नाही, तरी रडून राहिली. माह्यं दूधच आटलं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

पोरीले कडेवर घेऊन चौकीवर गेली. सायबाले सारं सांगतलं — गिलास, मोतीबिंदू, एक. मॅडमले फोन लावून देला. मॅडम फोनवरच रडल्या. "मी कोणाचं नावच लिहून घेतलं नव्हतं हो," म्हने.

साहेब ओरडला नाही. ओरडला असता त बरं झालं असतं. म्हने, "ठीक आहे बाई, हो फाशाचा होता. पण जेवण तर गेलं ना? तुमच्याच गल्लीतल्या घरातून गेलं, पक्की खबर आहे. म्हातारीनं नाही दिलं, तर कोणी दिलं?"

काकू बाकड्यावर बसून होती. आवाजावरून वळखलं मले. "तू आली काय वो? इतक्या पावसापान्यात पोरीले कायले आनलं?"

मी तशीच घरी आली.

शनिवार, १७ ऑगस्ट

भात मी देला होता.

धान रोवन्याचे दिवस, भर दुपार, सारे वावरात. दारात एक बंदूकवाली पोरगी, माह्याहून लहान. "ताई, भात आहे का?" प्रतिक्षा माह्या मांडीवर होती. भेवानं देला. चुलीवरचा पुरा गंज रिकामा करून देला.

सर्वेत मलेबी फासा टाकाले लावला होता. चार निघाला. खरं सांगाचं होतं. मी "नाही" म्हनली. अन् काकूचा हो आयता सापडला. बरं वाटलं मले! हे कोनाले सांगू?

आता हेच सांगाले चौकीवर जाऊन राहिली. पोरीले गोदावरीबाईपाशी ठेवते. हे वही पोरीच्या कपड्याईत ठेवते. तिचे बाबा केरळात कामाले, येतपर्यंत चार दिवस लागन. जो कोनी वाचन, त्यानं कारधा गावाले माह्या भावाले, अंकुशले, फोन लावा. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिवला आहे. पोरीले घेऊन जा म्हना. आजच लावा.